परसातलं शेड की घरातला सोपा: गिनीपिग कुठे ठेवायचे?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या बाजूला, कौलारू. मागे परसात कोंबड्यांसाठी बांधलेलं पत्र्याचं शेड रिकामं पडलंय. सात महिन्यांच्या दोन माद्या आणल्यात. सासूबाई म्हणतात, जनावर आहे, घरात वास नको, शेडमध्ये ठेवा. मुलांना त्या घरातच हव्यात.

उत्तर आधीच सांगतो. राहणं आणि झोपणं घरात. चरायला बाहेर, तेही हवामान पाहून आणि कुणीतरी समोर बसून. शेड दुरुस्त करून चालेल का, असंही तुम्ही विचारलंय. बाहेर ठेवण्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो, पण तो नाइलाजाचा पर्याय आहे.

गिनीपिग मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरांतला, थंड हवेतला. तिथल्या लोकांनी तो हजारो वर्षांपासून पाळलाय, आणि पिढ्यान्‌पिढ्या घरातच, स्वयंपाकघराच्या जमिनीवर वाढवलाय. म्हणजे 'जनावर म्हणजे बाहेर' हा नियम त्याच्या मूळ मुलुखातही नाही. त्याला घाम येत नाही. कुत्र्यासारखं धापा टाकून अंग थंड करणं त्याला नीट जमत नाही. अंग गोल, केस दाट, शेपूट नाही. उष्णता बाहेर टाकायला कान आणि पावलं एवढीच उघडी जागा. सशासारखं बीळ खणून तो गारव्याला जात नाही. १८ ते २४ अंश सेल्सिअस हा त्याच्या सुखाचा पट्टा. २७-२८ च्या वर त्रास सुरू होतो, आणि ३० च्या वर हवा दमट असेल तर जीवावर बेततं. गाभण मादी आणि अंगानं जड झालेला प्राणी सगळ्यांत आधी कोसळतो.

बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर आहे, हवा चांगली आहे, हे माणसांपुरतं खरं. पण मार्च ते मे दुपारी ३५-३७ अंश सहज होतात, अथणी-रायबागकडे त्याहून जास्त. पत्र्याखाली तर बाहेरच्यापेक्षा कितीतरी अधिक तापतं. त्यात वळीव. चारपर्यंत अंग भाजणारं ऊन, मग अर्ध्या तासात वारा, गारा, पाऊस, आणि पारा दहा-बारा अंशांनी खाली. परसात ठेवलेला प्राणी आधी तापतो, मग भिजतो आणि मग गारठतो. अशा दिवसानंतर दोन-तीन दिवसांनी नाक वाहणं, डोळ्यांत चिकटा, श्वासाला घरघर दिसली तर ती न्यूमोनियाची सुरुवात समजा.

तरीही खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात उन्हाळ्यापेक्षा पावसाळा अधिक घातक, असं माझं स्पष्ट मत आहे. उन्हाळ्यात धोका दिसतो आणि माणूस धावपळ करतो. पावसाळ्यात चार महिने काही दिसत नाही. पश्चिमेचा वारा पाऊस आडवा आणतो, हवेतली आर्द्रता दिवसच्या दिवस ८५ टक्क्यांच्या वर राहते, अंथरूण वाळत नाही. ओल्या अंथरुणात लघवीचा अमोनिया साचतो आणि तो जमिनीलगत, नेमका त्यांच्या नाकाच्या उंचीवर राहतो. फुप्फुसं आधी अमोनियानं चरचरतात, मग जंतू शिरतात. तळपाय सतत ओले राहिले की लाल होतात, त्वचा सोलते, मग फोड येऊन पू धरतो. हा आजार हाडापर्यंत गेला की बरा होणं फार अवघड. अंगावर गोल चट्टे पडून केस गेले तर गजकर्ण, आणि ते मुलांनाही लागतं. गवताला बुरशी येते ती वेगळीच. त्यातच घाण लागलेल्या मागच्या अंगावर माशा बसून अंडी घालतात. एका दिवसात अळ्या पडतात आणि त्या जिवंत मांसात शिरतात. बाहेर ठेवलेल्या प्राण्याची मागची बाजू पावसाळ्यात दिवसातून दोनदा उलटून पाहावी लागते. हे रोज होणार आहे का, हा प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारा.

हिवाळा मात्र आपल्याकडचा त्यांना मानवतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सकाळ-संध्याकाळची हवा बहुतेक त्यांच्या पट्ट्यातली, दुपारी तेवढी पट्ट्याच्या वर जाते. रात्री पारा १२-१३ पर्यंत उतरतो तेव्हा वारा लागू न देणं आणि आत शिरायला भरपूर कोरडं गवत देणं पुरतं. कोरडी थंडी सोसते, ओली सोसत नाही.

आता तुमच्या घरातली जागा. कौलारू घराला माळा असेल तर त्याखालची खोली दुपारी पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरापेक्षा गार राहते. सोपा, म्हणजे घराची पुढची खोली, सगळ्यांत चांगला: उजेड, वारा, माणसांची वर्दळ, आणि चुलीपासून लांब. स्वयंपाकघर नको, फोडणीचा ठसका आणि चुलीचा धूर त्यांच्या छोट्या फुप्फुसांना सोसत नाही. देवघराजवळ उदबत्तीचा धूर असतो, म्हणून तेही नको. डासांची अगरबत्ती त्या खोलीत लावायचीच नाही, पिंजऱ्यावर मच्छरदाणीचं कापड टाका. पश्चिमेची खिडकी असेल तर तिच्यापासून दूर, कारण दुपारी तीननंतर तिथून ऊन आत येतं. टीव्हीला चिकटून नको. गणपतीत आणि दिवाळीत रस्त्याकडच्या भिंतीला लावलेला पिंजरा आतल्या खोलीत हलवा. फटाक्यांनी घाबरलेला गिनीपिग खाणं सोडतो, आणि खाणं सुटणं हाच त्याचा सर्वांत मोठा धोका.

जागा ठरवण्यापूर्वी तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारं छोटं डिजिटल मीटर आणा. ते भिंतीवर टांगायचं नाही, पिंजऱ्याच्या तळाशी ठेवायचं. गावाचं तापमान काय आहे याला महत्त्व नाही, प्राणी बसलाय तिथे किती आहे ते महत्त्वाचं. चार दिवस दुपारी दोन वाजता आणि पहाटे आकडे लिहून ठेवा, जागा आपोआप ठरेल.

दोघींसाठी तळ ५ फूट बाय अडीच फूट करा. ४ बाय २ ही कमीत कमी मर्यादा. दुकानातले रंगीत पिंजरे बहुतेक याच्या निम्मेच असतात आणि त्यात दोन माद्या भांडायला लागतात. मजले, शिड्या नकोत. हा प्राणी चढणारा नाही, पळणारा आहे, त्याला सपाट लांबी हवी. प्लास्टिकच्या पन्हळी शीटचा ट्रे, कडा ६ इंच वर वळवलेल्या, भोवती १४ इंच उंचीची जाळी. घरात मांजर येत असेल तर वरून जाळीचं झाकण पाहिजेच. तळ भरीव. जाळीचा तळ घाण खाली पडते म्हणून लोकांना सोयीचा वाटतो, पण त्यात पाय अडकून मोडतात आणि तळव्यांना जखमा होतात.

पिंजरा थेट जमिनीवर ठेवू नका. उन्हाळ्यात शहाबादी फरशीचा गारवा बरा वाटतो, पण पावसाळ्यात तीच फरशी पाझरते. चार-सहा इंच उंच फळीवर ठेवा. उन्हाळ्यासाठी शहाबादीचा एक सुटा तुकडा, साधारण फूटभर, पिंजऱ्यात ठेवला की त्या आपणहून त्यावर येऊन पसरतात.

अंथरुणाबद्दल सगळ्यांत जास्त चुका होतात. वखारीतला लाकडाचा भुसा फुकट मिळतो, पण त्याची धूळ नाकात जाते आणि कोणत्या लाकडाचा आहे हे कळत नाही. तो टाळा. कापडाचं अंथरूण करा: खाली जुन्या टॉवेलचे दोन थर, वर फ्लीसचं (मऊ, लोकरीसारखं) कापड. नवं फ्लीस पाणी शोषत नाही, ते वरच थांबवतं. म्हणून तीन-चार वेळा गरम पाण्यात धुवा, सॉफ्टनर न घालता, मग वर चमचाभर पाणी ओतून पाहा. लगेच खाली उतरलं तर तयार. जुन्या वाकळेचा तुकडा वापरायचा असेल तर चारही कडा घट्ट शिवून घ्या. सुटलेल्या दोऱ्यात बोट अडकून रक्तपुरवठा थांबतो, आणि आतला कापूस त्या खातात. पावसाळ्यासाठी असे किमान चार संच हवेत. वाळल्यासारखा वाटणारा संच शेवटी इस्त्रीनं कोरडा करूनच घाला.

सासूबाईंची वासाची तक्रार खरी आहे, ती उडवून लावू नका. पण वास प्राण्याचा नसतो, साचलेल्या लघवीचा असतो. गिनीपिग खाताखाताच विधी करतो. म्हणून गवताची जाळी एका कोपऱ्यात टांगा आणि बरोबर तिच्याखाली दीड फूट बाय एक फुटाचा पसरट ट्रे ठेवा, त्यात दोन इंच भाताचं पिंजर, म्हणजे वाळलेला पेंढा. तीन-चतुर्थांश घाण तिथेच होते. ट्रे रोज सकाळी रिकामा करायचा, पाच मिनिटांचं काम. ते पिंजर परसातल्या खतात चांगलं जातं. कापडी अंथरूण तीन-चार दिवसांनी बदला. लघवीचे पांढरे थर बसले तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून अर्धा तास ठेवा, मग घासा. फिनेल नको. परीक्षा अशी: सकाळी खिडकी उघडण्यापूर्वी गुडघ्यावर बसून पिंजऱ्याच्या तळाशी नाक न्या. तिथे डोळे चुरचुरले तर उभ्यानं वास येत नसला तरी स्वच्छता कमी पडतेय.

लपायला दोन घरं द्या, प्रत्येकाला दोन दारं. एकच दार असलं की जबर मादी दुसरीला आत कोंडते.

उन्हाळ्यात पंखा लावला म्हणून निश्चिंत राहू नका. पंखा आपला घाम वाळवतो म्हणून आपल्याला गार वाटतं. ज्याला घामच येत नाही त्याला पंखा फक्त गरम हवा मारतो. पिंजऱ्याच्या निम्म्या भागावर ओलं सुती कापड टाकून पंख्याचा झोत त्या कापडावर येऊ द्या, तर आतलं तापमान उतरतं. कापड तासाभरानं पुन्हा भिजवा. अर्ध्या भागावरच टाकायचं, हवा कोंडायची नाही. पाण्याची बाटली गोठवून टॉवेलात गुंडाळून एका बाजूला ठेवा, तिला टेकायचं की नाही ते त्या ठरवतील. आडवी पसरलेली, तोंडाला लाळ, श्वास भरभर, हाक मारली तर उठत नाही, अशी दिसली तर ऊन लागलंय. सावलीत न्या, कान आणि पावलं साध्या गार पाण्यानं ओली करा, आणि लगेच डॉक्टरकडे. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच अडकते.

बाहेर चरायला सोडणं मात्र जरूर करा. हिरवं गवत, मोकळी धाव आणि सकाळचा उजेड यांची बरोबरी पिंजऱ्यात होत नाही. हिवाळ्यात दव वाळल्यावर, साधारण साडेआठ ते अकरा. उन्हाळ्यात सकाळी सात ते साडेआठ. पावसाळ्यात गवत आणि जमीन दोन्ही कोरडी असतील तरच, म्हणजे फार थोडे दिवस. ६ बाय ४ फुटांचा, वरूनही बंद असा जाळीचा चौकट-पिंजरा करून घ्या. जाळी अर्ध्या इंचाची वेल्डेड. कोंबड्यांची षटकोनी जाळी कुत्रा दातानं फाडतो आणि त्यातून उंदीर, साप आरामात जातो. निम्म्या भागावर सावली, आत पाणी, आत एक लपायची पेटी. वर घार-कावळा, बाजूनं मांजर-मुंगूस, परसात घूस आणि धामण, हे सगळं आपल्याकडे आहे, म्हणून पाच मिनिटांसाठीही एकटं सोडायचं नाही. कुत्र्यानं नुसतं जाळीबाहेरून भुंकून त्यांना दोन तास कोपऱ्यात दाबून ठेवलं तरी दिवसभराचं खाणं बिघडतं.

जिथे चरतात तिथे कण्हेर, धोतरा, रुई, घाणेरी, एरंड, अळू नसावं. गाजरगवत उपटून टाका. हरळी उत्तम. बांधावरचं गवत आणणार असाल तर तणनाशक मारलंय का ते शेजाऱ्यालाही विचारा. कोवळी ज्वारी देऊ नका, तिच्यात सायनाइड तयार होतं. कापलेलं ओलं गवत ढीग करून ठेवलं की आतून तापतं आणि आंबतं. ते खाल्लं तर पोट फुगतं. कापल्यावर सावलीत पसरा आणि त्याच दिवशी संपवा. पावसानंतरचं पहिलं लुसलुशीत गवत एकदम पोटभर देऊ नका, आठवडाभरात वाढवत न्या.

निपाणी-चिकोडीकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. तंबाखू साठवलेल्या खोलीत, किंवा तिच्या शेजारी जिथे पाल्याची धूळ येते तिथे हा प्राणी ठेवू नका. तंबाखूचं रिकामं बारदान अंथरायला किंवा पिंजऱ्यावर टाकायला घेऊ नका. वखारीतून आल्यावर हात साबणानं धुऊनच त्यांना उचला. निकोटीन एवढ्याशा शरीराला फार थोडं पुरतं. आणि ऊस तोडणीच्या दिवसांत पाचट पेटवलेलं दिसलं की खिडक्या लावून घ्या.

आता घरात शक्यच नसेल तर. कोणाला खरंच दम्याचा त्रास असेल, तर पहिली पसंती पडवी: घराच्या भिंतीला लागून, पूर्वेकडची. पश्चिम आणि नैर्ऋत्य बाजू पूर्ण बंद, छपराचं पुढे आलेलं टोक दोन फूट. खोपटं जमिनीपासून अडीच फूट उंच. चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, दुधाच्या कपाटाला ठेवायचो तशा, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. मुंग्यांची पावडर टाकू नका, पाय चाटताना ती पोटात जाते. छप्पर कौलांचं, पत्राच असेल तर त्याखाली चार इंच मोकळी हवा सोडून दुसरं छत. एक भाग जाळीचा, एक भाग लाकडी आणि बंद, आत सहा इंच गवत. दाराला साधी कडी पुरत नाही, बोका ती पंजानं उघडतो. अडकवायचं कुलूप लावा. मीटर इथेही तळाशीच. तिथला आकडा २७ च्या वर गेला की, आणि जून ते सप्टेंबर रात्री, आत आणण्यासाठी एक पेटी तयार असावी. गोठा हा पर्याय नाही: गुरांचं मूत, माशा, गोचिडांवर मारलेलं औषध, सगळं एकत्र. कोंबड्यांबरोबर नको. सशांबरोबरही नको, ससा स्वतः आजारी न पडता खोकल्याचे जंतू त्यांना देतो, आणि त्याची एक लाथ बरगडी मोडू शकते.

खाण्याबद्दल राहण्याच्या जागेपुरतंच लिहितो. आहाराचा मोठा भाग वाळलेलं गवत, रात्रंदिवस उपलब्ध, कारण दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चावूनच झिजतात. भाताचं पिंजर अंथरायला ठीक, मुख्य खाणं म्हणून निकृष्ट. माळावरचं गवत घेताना कुसळ पाहा. दसऱ्याच्या सुमाराचं कुसळी गवत डोळ्यात आणि हिरडीत शिरतं. एक डोळा मिटलेला, पाणी गळतंय असं दिसलं तर बहुतेक वेळा तेच असतं. कुसळ धरण्याआधी कापलेलं घ्या. घास म्हणजे लसूणघास वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला. तुमच्या माद्यांना रोज दिला तर कॅल्शियम जास्त होऊन मूतखडा होतो. क जीवनसत्त्व त्यांचं शरीर आपल्यासारखंच बनवत नाही. किलोभर वजनाला रोज १० ते ३० मिलिग्रॅम लागतं. ढबू मिरचीत १०० ग्रॅमला साधारण ८० मिलिग्रॅम असतं, म्हणजे प्रत्येकीला रोज २५-३० ग्रॅमचा तुकडा पुरतो. कोथिंबीर रोज मूठभर. पाण्यात थेंब टाकू नका, उजेडात ते नासतं आणि चव बदलली की त्या पाणी कमी पितात.

घरात ठेवण्याचा सगळ्यांत मोठा फायदा हाच की बिघाड लवकर दिसतो. गिनीपिग दुखणं लपवतो. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून लिहा. आठवड्यात ५० ग्रॅम घट झाली की लक्ष द्या, १०० ग्रॅम म्हणजे डॉक्टर. बारा तास काही खाल्लं नाही, लेंड्या थांबल्या, तर सकाळची वाट पाहू नका. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गाई-म्हशीच जास्त येतात, म्हणून स्वतःहून सांगा: 'हा गिनीपिग आहे, याला पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन चालत नाही.' त्या औषधांनी आतड्यातले चांगले जंतू मरतात, विषारी जंतू वाढतात आणि प्राणी दगावतो. हे वाक्य कागदावर लिहून पिंजऱ्यालाच अडकवा, घरातलं कोणीही घेऊन गेलं तरी डॉक्टरांना दाखवता येईल.

आणि ते शेड पाडू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुसळ नसलेलं गवत आणि पिंजर घेऊन, हातात मोडल्यावर कडकन तुटेल इतकं वाळवून, पोत्यांत सैल भरा आणि वाशाला टांगा. जमिनीवर ठेवलं तर घुशी त्यावर मुततात आणि त्या मुतातून रोग थेट पिंजऱ्यात येतो. दोघींना आठवड्याला साधारण दीड किलो धरा. मृग लागण्यापूर्वी ती पोती आतल्या माळ्यावर न्या.